तिरपं बसवलेलं इंजिन

३ नोव्हेंबर, रविवार

कापड विणायचे लूम विकले आणि शेड रिकामी झाली, तेव्हा सुरैयाला वाटलं की नवरा आता घरात बसून भाजी निवडेल. तसं झालं नाही, म्हणून ती चिडली आहे. मी चिडलोय ते वेगळ्या कारणाने. आज टेमघरच्या शेडमध्ये अब्बांच्या ट्रकचं जुनं इंजिन चेन पुलीने उचललं, तर छताची कडीच वाकली. अरशद म्हणाला, "मुदस्सिरभाई, ये इंजिन नहीं, हत्ती हाय." हे त्याने आधी सांगायला हवं होतं. फिटर तो आहे, मी नाही.

इंजिन शेवरोलेचं. सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं. अब्बांनी या ट्रकवर सुताची गठडी वाहिली आणि त्यातून पहिले लूम घेतले. पेट्रोल परवडेना तेव्हा अख्ख्या भिवंडीने ट्रकांना डिझेल इंजिनं बसवली. अब्बांनीही बसवलं, पण हे भंगारात दिलं नाही. लूमच्या मागे ताडपत्रीखाली ते तेल पीत पडून राहिलं. मला शाळेत असल्यापासून दोन सीटची, बुटकी, उघडी, हलकी स्पोर्ट्स कार बांधायची आहे. पाइपची चासी, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात हे इंजिन. अशा गाडीला पासिंग मिळत नाही, ती रस्त्यावर काढता येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज कोणी ना कोणी येऊन सांगून जातो.

अब्बा आता ब्याऐंशीचे आहेत. कान कधीच गेले, डोकं मात्र शाबूत आहे. म्हणाले, "घेऊन जा. पण दुसरं मिळनार न्हाय, ध्यानात ठेव. आन् चालू झालं की मला त्यात बसवून एक चक्कर मार." एवढं बोलून त्यांनी इंजिनवर हात फिरवला, गुरावर फिरवतात तसा. माझ्या पाठीवर असा हात फिरवल्याचं मला आठवत नाही.

मराठी शाळेत शिकल्यामुळे रोजचं लिहून ठेवायची खोड आहे. घरात कोणाशी बोलावं तर लेक सना तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि सुरैया एकदम ओरडते. मधला आवाज आमच्या घरात राहिलेलाच नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज लेव्हलवरून भांडण झालं.

इंजिन लांब आहे. पुढे सरकवावं तर पुढच्या ॲक्सलवर बसतं, म्हणून मागे ढकललं. मागे ढकललं की गिअरबॉक्स दोन सीटच्या मधोमध कोपरापर्यंत वर येतो. ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस यांच्यात उंट बसल्यासारखं दिसतं. त्यावर मी उपाय काढला, इंजिन मागच्या बाजूला कलतं बसवायचं. गिअरबॉक्स खाली जातो, बॉनेट सपाट राहतं, गाडी दिसते कशी देखणी!

अब्बा खुर्ची घेऊन रोज शेडमध्ये येतात. त्यांनी पिशवीतून लेव्हलची बाटली काढली आणि इंजिनवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला.

"ह्ये असं चालनार न्हाय. ट्रकात कसं सरळ बसलं व्हतं!"

"अब्बा, हा ट्रक नाही," मी ओठ दिसतील असं सावकाश म्हणालो.

"इंजिन तर ट्रकाचंच हाय ना?"

लूम बसवतानाही ते असंच करत. एका सुताचा फरक निघाला तरी रात्रपाळी अडवून ठेवत. पण लूम जमिनीला खिळलेला असतो, गाडी चढ चढते, उतार उतरते, वळते. तिला कसली आली आहे लेव्हल? अरशदला वेल्डिंग करायला सांगितलं. अब्बा बाटली पिशवीत घालून निघून गेले. जाताना काहीतरी बोलले, ते मला समजलं नाही. त्यांचे दात गेल्यापासून बोलणं अस्पष्ट झालंय.

२२ डिसेंबर, रविवार

आज डोकं फिरलंय. चूक आमची, आणि अशी चूक भिवंडीबाहेरचा माणूस करूच शकत नाही. इंजिन आम्ही लूमसारखं आवळलं होतं. चार बोल्ट, खाली सागवानी फळ्या, वर जाड वायसर. लूम हलायला लागला की आम्ही काय करतो? अजून आवळतो. बॅटरी लावून स्टार्टर नुसता फिरवला तर डावा हेडलाइट निसटून अरशदच्या पायावर पडला. मग आम्ही बोल्ट अजून आवळले. मग उजवाही पडला.

शेवटी सना कॉलेजमधून आली आणि म्हणाली, "पप्पा, गाडीत रबर असतं ना इंजिनखाली?" हे तिने मोबाइलवर बघून सांगितलं की तिला माहीत होतं, देव जाणे. उद्या रबर आणतो.

अरशदचा पाय सुजलाय. त्याची बायको मला शिव्या देते आहे म्हणे.

१२ जानेवारी, रविवार

चालू झालं!

इतक्या वर्षांनी ते इंजिन चालू झालं. पहिल्यांदा खोकलं, धूर सोडला, शेडमधल्या जुन्या कापसाच्या धुळीचा पडदाच उठला, आणि मग एकसारखी घरघर. मला रडू आलं हे इथे लिहायला हरकत नाही. अरशद नाचला, तेही एका पायावर. "मक्खन! मुदस्सिरभाई, मक्खन!"

रबरामुळे थरथर एकदम गेली. सीटवर बसलं की काही जाणवतच नाही.

आमच्या आनंदात बिब्बा घालायला प्रभाकर सर आले. शेडच्या मागे राहतात, मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. दारात उभं राहून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मुदस्सिर, आतून कोणी दार ठोठावतंय असं वाटतं रे."

मी कान लावून ऐकलं. काही नाही. अरशदनेही ऐकलं. काही नाही. आम्ही दोघांनी तीस-तीस वर्षं मशिनींमध्ये काढली, आणि हा मराठीचा मास्तर आम्हाला आवाज सांगणार! मी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला.

१९ जानेवारी, रविवार

सुरैया डबा घेऊन शेडमध्ये आली. इंजिन चालू होतं. ती माझ्या अगदी कानाशी येऊन ओरडली, "ठक ठक करतंय ते! तुम्हाला नाय ऐकू येत?"

"टॅपेट आहेत. टॅपेट वाजतातच."

"टॅपेट असं वाजतं? हे कोणी हातोडा मारल्यासारखं वाजतंय."

बाईने आयुष्यात व्हॉल्व्ह उघडणारा टॅपेट पाहिला नाही, पण बोलायचं! तरी संध्याकाळी झाकण काढून सगळ्या टॅपेटच्या फटी पातं घालून मोजल्या, पुन्हा लावल्या. आता मला विचाराल तर आवाज होता तसाच आहे, म्हणजे छान आहे. सनाला विचारलं, तर तिने खांदे उडवले आणि काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं मोठ्याने बोल. ती म्हणाली, "मोठ्यानेच बोलले, पप्पा." आजकालच्या मुलांना शब्द सुटा उच्चारायलाच कोणी शिकवत नाही. टीव्हीवाल्यांचंही तसंच. आवाज अगदी शेवटपर्यंत वाढवला तरी बातम्या देणारी बाई तोंडात सुपारी ठेवल्यासारखी बोलते, आणि सुरैया येऊन तो आवाज कमी करते.

५ फेब्रुवारी, बुधवार

अब्बा आले. इंजिन चालू करायला लावलं. लूम तपासायचे तसं केलं त्यांनी: डोळे मिटले आणि तळवा ब्लॉकला लावला, गरम असून. आधी मागे, मग मध्ये, मग पुढे. पुढे आल्यावर हात तिथेच राहिला.

"हितं पैल्याला तहान लागलीय."

"तेल भरपूर आहे, अब्बा." मी पट्टी काढून दाखवली. तेलाची खूण वरपर्यंत होती.

"मागं असंल. पुढं न्हाय."

त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. या जुन्या इंजिनात पिस्टनच्या दांड्याला तेल पंपाने जात नाही. खाली छोट्या पन्हळी असतात, दांड्याच्या टोकाला चमचा असतो, फिरताना तो पन्हळीतलं तेल उडवून घेतो. इंजिन कलतं असेल तर तेल मागे वाहणार, हे मलाही कळतं. पण किती कललंय? एवढंसं! आणि ठक ठक असती तर ती मला ऐकू आली नसती का? स्वतःच्या हाताने जोडलेलं इंजिन आहे.

अब्बांना म्हटलं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला भलतं वाटतं. हे मी तोंड फिरवून म्हणालो. तरी त्यांना कळलं असावं. खुर्ची उचलायला त्यांनी अरशदला सांगितलं, मला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं संपलं.

अरशदचा मेहुणा वडप्याला एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. रविवारी ट्रक नसतात, पुढचं काँक्रीटचं मैदान मोकळं मिळतं. गाडी टेम्पोत घालून नेली. सुरैया, सना आणि प्रभाकर सर रिक्षाने आले. अब्बांना शेजारच्या सीटवर बसवलं. त्यांनी बसण्याआधी चपला काढून सनाच्या हातात दिल्या. मला वाटलं, गाडीचा मान ठेवतायत.

पहिली चक्कर सावकाश मारली. दुसरीला जरा दाबलं. काय पळाली! वारा तोंडावर, समोर लांबच लांब बॉनेट, आणि ती घरघर, एकसंध, गोड. गोडाऊनच्या कडेला घरचे उभे होते. सुरैया दोन्ही हात वर करून हलवत होती. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. सना उड्या मारत होती. अब्बा माझ्या मांडीवर एका तालात बोटं आपटत होते. या वयात माणसाला इतकी मजा आलेली बघून मला राहवलं नाही. तिसऱ्या चकरेला पूर्ण दाबलं.

मग दणका बसला. तो मात्र मला ऐकू आला. पहिल्या सिलिंडरचा दांडा तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. काँक्रीटवर तेलाचा पट्टा, धूर, आणि मी ब्रेकवर उभा. अब्बांना काही लागलं नाही, अल्लाचे उपकार.

आता मला सांगा, एवढी माणसं तिथे उभी होती. एकालाही वाटलं नाही की मला थांबवावं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हाच प्रश्न घरात विचारला. सुरैयाचा घसा बसलाय. बोलायला गेली तर नुसती हवा निघते. सनाच उभी राहिली माझ्यासमोर, अगदी समोर, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मम्मी थांबा थांबा म्हणून ओरडत होती, पप्पा. तिने घसा फोडून घेतला. हात हलवत होती ते थांबा म्हणून."

मी म्हणालो, एवढ्या लांबून कसं ऐकू येणार.

"प्रभाकर सरांना गोडाऊनच्या मागे ऐकू आलं. ते तिकडे पाणी प्यायला गेले होते."

मग मी अब्बांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी काही विचारण्याआधीच त्यांनी माझ्या मांडीवर बोटं आपटली. ठक, ठक, ठक, ठक. कालच्याच तालात.

"मजा आली म्हणून मारत व्हतो वाटलं तुला? ठोका मोजून देत व्हतो. पायाखाली लागत व्हता. म्हणून तर चपला काढल्या." मग म्हणाले, "माझे कान गेले तवा मी मान्य केलं, मुदस्सिर. म्हणून हात शिकले, पाय शिकले. तुझे गेलेत आन् तू लोकांना म्हनतोस नीट बोला."

मी उठून शेडमध्ये आलो. ब्लॉकच्या भोकातून आतला कोरडा दांडा दिसतो. तुटला तिथे जळून निळा झालाय. मागच्या दांड्यांवर तेल अजून ओलं आहे. अब्बांनी जपून ठेवलेलं एकमेव इंजिन मी तीन चकरांत मोडलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ मार्च, शुक्रवार

रोजा असल्यामुळे आधीच डोकं तापलेलं, त्यात सनाने ठाण्याच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर डबे लावतात आणि शिटी ऐकू आली की बटण दाबा म्हणतात. मी बटण धरून बसलो. मला वाटलं मशीन चालू व्हायचं आहे. काचेपलीकडून त्या मुलीने खूण केली की तपासणी झाली.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. उजवीकडे धाडकन खाली आलेली. "भरभर, घरघर तुम्हाला ऐकू येते. बारीक आवाज, ठोके, बायकांचं बोलणं, हे हरवलंय. लूमवर किती वर्षं?" मी सांगितलं. ते म्हणाले, भिवंडीचे असे पुष्कळ येतात, आणि सगळे घरच्यांवर चिडलेले असतात.

सना खिडकीबाहेर बघून हसत होती. मला ऐकू नाही आलं, पण खांदे हलत होते.

१३ एप्रिल, रविवार

मशिनं कानात घालून आठवडा झाला. काढून नाल्यात फेकावीशी वाटतात. घर किती कर्कश आहे! फ्रीज गुरगुरतो, पंखा कुरकुरतो, ताटं आपटतात, प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली की आग लागल्यासारखं वाटतं. माझ्या स्वतःच्या चपला फटफट वाजतात हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. अरशदला म्हटलं तूही जा डॉक्टरकडे. तो म्हणाला, "मेरे को क्या हुआ है?" मी डोक्याला हात लावला.

इंजिनाचं काम मात्र चाललंय. कुर्ल्यात ओतीव लोखंडाला टाके घालणारा एक कारागीर मिळाला. त्याने ब्लॉकचं भोक पट्टी लावून बुजवलं. दुसरा दांडाही जुन्या बाजारात सापडला, बेअरिंगचा मऊ धातू नव्याने ओतून घेतला. अब्बांचं चुकलं होतं, दुसरं मिळतं, निदान दांडा तरी. हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

चासीवरचे तिरपे आधार कापले. अब्बांना बोलावून आणलं. बाटली त्यांनीच ठेवली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत अरशदने चार वेळा पत्र्याची पॅकिंग बदलली आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. गिअरबॉक्स आता दोन सीटच्या मधोमध उंटासारखा बसलाय आणि बॉनेटला टेंगूळ आलंय. देखणेपणा गेला तो गेलाच.

११ मे, रविवार

दुपारी इंजिन चालू केलं. अब्बांनी तळवा लावला. पुढे, मध्ये, मागे, परत पुढे. बराच वेळ लावला. मग हात लुंगीला पुसला आणि म्हणाले, "आता बरोबर हाय." वडप्याला पुढच्या रविवारी जायचं ठरलं. त्यांनी स्वतःहून विचारलं, म्हणजे अजून माझ्याशेजारी बसायची त्यांची तयारी आहे. अरशद त्यांना घरी सोडायला गेला.

मी एकटाच सीटवर बसून ऐकत राहिलो. जानेवारीत मी ज्याला गोड आवाज म्हणत होतो तो अर्धाच होता. सहाही सिलिंडर वेगळे ऐकू येतात, टॅपेटची बारीक टिकटिक ऐकू येते, कार्ब्युरेटरचं हवा ओढणं ऐकू येतं. सहा महिने ज्याच्यासाठी घरादाराशी भांडलो ते मी आज पहिल्यांदा ऐकत होतो. उठावंसं वाटेना.

तेवढ्यात मागे सुरैया काहीतरी बोलली. ती आलेली मला माहीत नव्हतं. आवाज कळला, शब्द लागले नाहीत. एरवी मी मागे न बघता हात हलवून "हो हो" केलं असतं. आज इंजिन बंद केलं.

"काय म्हणालीस?"

"बंद कशाला केलंत?" ती तिच्या नेहमीच्या पट्टीत ओरडली. "परत काय मोडलं?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "काही मोडलं नाही. हळू बोल, ऐकू येतं."

तिने बोलायला तोंड उघडलं, पण हळू बोलणं तिला जमेना. आवाज वर गेला, मग तिने तो खाली आणला, पुन्हा वर गेला. शेवटी घसा खाकरून म्हणाली, "जेवायला चला, एवढंच सांगत होते."

इतका बारीक, जरा लाजरा आवाज. लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती अशी बोलायची. मी विसरूनच गेलो होतो. इतकी वर्षं मी नातेवाइकांत सांगत फिरलो की बायको तोंडाची फटकळ आहे, कायम ओरडते. सासरी येताना ती ओरडत आली नव्हती. मला ऐकू जावं म्हणून तिने तो आवाज रोज थोडा थोडा चढवला, आणि मला त्याचा फक्त राग आला.

ती वाट बघत उभी होती. तिला वाटलं, मशीन बंद पडलं असेल कानातलं.

"परत एकदा बोल," मी म्हणालो.

"काय?"

"तेच. जेवायला चला. तसंच बोल."

"वेड लागलंय तुम्हाला," ती हळूच म्हणाली, आणि तेही मला ऐकू आलं.